साध्या चेहऱ्याचा कॅन्सर

मला पाणी जात होतं. हे वाक्य लिहायला मला फार जड गेलं, म्हणून तेच आधी लिहून टाकते. पांढरं जाणं वेगळं, ते आम्हां बायकांना ठाऊक असतं. हे पाण्यासारखं होतं, जरासं चिकट, आणि थांबायचं नाव नाही. वास नाही, खाज नाही, दुखणं तर नाहीच. पाळी पुढेमागे व्हायला लागली होती, तेव्हा सगळ्यांनी ते वयावर ढकललं. आमच्याकडे बाईचं कोणतंही दुखणं आधी वयावर जातं, मग अशक्तपणावर, आणि सगळ्यात शेवटी डॉक्टरकडे.

अशक्तपणासाठी मी खारीक खाल्ली, डिंकाचे लाडू खाल्ले, कुणी सांगितलं म्हणून धन्याचं पाणी प्यायले. वजन तेवढं वाढलं.

मी सुनंदा. संगमनेरजवळच्या एका गावात आमचं दूध संकलन केंद्र आहे. माझे मालक शमुवेल कॅन उचलतात, मी सॅम्पल घेते, यंत्रावर दुधाची फॅट लावते आणि फॅट कमी लागली म्हणून रुसलेल्या लोकांशी भांडते. घरात आम्ही दोघं आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. मुलगा पुण्यात नोकरीला. आम्ही ख्रिस्ती, आमच्या चर्चची मंडळी लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात, कुणाच्या घरात काय शिजलं तेही ओळखतात.

या मंडळीची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कुणी आजारी पडलं की रविवारी उपासनेत पाळकसाहेब त्याचं नाव घेतात, दुखणं सांगतात, आणि सगळे मिळून त्याच्यासाठी प्रार्थना करतात. आठवड्यात आम्ही महिला मंडळाच्या बायका त्याच्या घरी जातो. पलंगाच्या कडेला बसायचं, कपाळावर हात ठेवायचा, एक गीत म्हणायचं, जाताना डबा ठेवून यायचं. आणि माणूस बरा झाला की त्यानं उभं राहून तसं सांगायचं, त्याला आम्ही साक्ष म्हणतो. मी कितीतरी पलंगांच्या कडेला बसले आहे. कपाळावर हात ठेवला की आजाऱ्याचा चेहरा सैल होतो, ते मी पाहिलेलं आहे.

०००

संगमनेरच्या डॉक्टरबाईंनी आतून तपासलं, काचेवरची तपासणी केली, पॅप स्मिअर म्हणतात ती. ती चांगली आली. तरी त्या म्हणाल्या, गर्भपिशवीच्या तोंडाचा एक छोटा तुकडा घेऊ. घेतला. काही रविवार माझं नाव उपासनेत घेतलं जात होतं आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. मग अहवाल आला: कॅन्सर नाही.

आत्या म्हणाल्या, "आता रविवारी उभी राहा. देवानं ऐकलं तर सांगायला नको व्हय?"

उभी राहिले. अंगावरून जाण्याचा त्रास होता, तपासलं, काही निघालं नाही, प्रभूनं राखलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरुवारी महिला मंडळात बायकांनी खोदून विचारलं तेव्हा मी नीट सगळं सांगितलं, पाणी कसं जातं, किती जातं, आणि तरी कसं काही नसतं ते. माझ्याशेजारी बसणारी लीलाबाई फार लक्ष देऊन ऐकत होती. ती आणि मी गेली कित्येक वर्षं एकाच सतरंजीवर बसतो आणि एकाच गीतात एकाच ठिकाणी चुकतो.

त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंचा फोन आला. "सुनंदाताई, तुकडा तपासणाऱ्या मॅडमना समाधान नाही. त्यांचा मलाच फोन आला. तुमचं पाणी थांबलं का?"

थांबलं नव्हतं.

"मग जरा खोलवरचा तुकडा घ्यावा लागेल."

मी विचारलं, पहिला अहवाल खोटा होता का. त्या म्हणाल्या, "खोटा नाही. दिलेल्या तुकड्यात काही नव्हतं. पण तुकडा वरचा होता." हे मला फार समजावून सांगावं लागलं नाही. कॅन न ढवळता वरचं दूध घेतलं तर फॅट वेगळीच लागते, आणि त्यात यंत्राचा दोष नसतो.

०००

दुसरा तुकडा भूल देऊन काढला. तो तपासूनही तुकडे तपासणाऱ्या त्या नगरच्या मॅडम ठाम सांगेनात. त्यांनी वेगळे रंग लावून पाहिले, आणि म्हणाल्या, पुण्याच्या मोठ्या तज्ज्ञांना दाखवा. आमच्याकडे या गोष्टी पोस्टानं जात नाहीत, नातेवाइकाच्या हातानं जातात. म्हणून त्यांच्या लॅबमधून तुकडे आणायला आम्ही दोघं नगरला गेलो. आता पाट्यांवर अहिल्यानगर आहे, पण कंडक्टरसकट सगळ्यांच्या तोंडात अजून नगरच.

तुकडे तपासणारा डॉक्टर कधी पेशंटला दिसत नाही. मला दिसला, कारण मी काउंटरवर हट्ट केला. म्हटलं, ज्या बाईला माझ्याबद्दल समाधान नाही तिला एकदा बघू तर द्या. मॅडम बाहेर आल्या. माझ्याहून लहान, डोळ्यांखाली काळं. त्यांनी मला आत नेलं आणि त्यांच्या यंत्रात डोळा लावायला सांगितलं.

गुलाबी-जांभळं काहीतरी दिसलं. मधे मधे गोल, लांबट, काही वेडीवाकडी बिळं.

"या तुमच्या ग्रंथी. चिकट पाणी तयार करणं हे त्यांचंच काम. बघा, किती साध्या दिसतात. नेहमीचा कॅन्सर चेहऱ्यावरून ओळखू येतो. यांचा चेहरा चांगला आहे."

"मग?"

"जागा चांगली नाही. इतक्या खोल त्यांनी असायलाच नको. पहिल्या तुकड्यात खोल भाग नव्हताच, म्हणून कळलं नाही. पण तेव्हाही एकदोन ग्रंथींचा आकार मला खटकला होता. मी घरी गेले तरी डोक्यातून जाईना."

मला त्या बाईचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच वेळी तिनं घरी जाऊन गप झोपावं होतं असंही वाटलं. दोन्ही खरं.

त्यांनी एक छोटी डबी दिली. त्यात मेणाचे ठोकळे, मेणात माझे तुकडे, आणि वेगळ्या खोक्यात काचा. शमुवेल दुसऱ्या दिवशी ते घेऊन एसटीनं पुण्याला गेले. मागाहून मला कळलं की अख्ख्या प्रवासात त्यांनी ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही, नारायणगावला चहाला उतरले तेव्हाही छातीशी धरून प्यायले. शेजारच्या माणसानं विचारलं, काय एवढं जपताय? तर म्हणाले, "बायको हाय."

०००

निदानाचा दिवस. संगमनेरच्या डॉक्टरबाईंनी दोघांना बोलावलं, तेव्हाच काय ते समजलं. चांगल्या बातमीला दोघं लागत नाहीत.

हा कॅन्सर पिशवीच्या तोंडाचाच, पण नेहमीचा नव्हे, क्वचित दिसणारा. नेहमीच्या काचेवरच्या तपासणीत बहुतेक वेळा सापडत नाही. ज्या विषाणूची लस मुलींना देतात, त्यानं होणाराही नाही. पिशवी, अंडाशय, आजूबाजूच्या गाठी काढायच्या, आणि नंतर शेक, म्हणजे रेडिएशन. डॉक्टरबाई बोलत होत्या आणि मी त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. मनात एकच चाललं होतं: मी उभी राहून सांगितलं होतं की काही नाही.

बाहेर आल्यावर शमुवेल म्हणाले, "उसाचा रस पिऊ." आम्ही रस प्यायलो. त्यांनी दुसरा ग्लास मागवला आणि तो तसाच राहिला. आमचं लग्न झालं तेव्हापासून त्यांनी काही टाकलेलं मी पाहिलं नव्हतं.

घरी आत्यांना सांगितलं. त्या गहू निवडत होत्या. हात थांबला, पण मान वर केली नाही.

"कुनाला सांगायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

"आत्या, मंडळीला तरी..."

"मंडळीलाच न्हाई. देवाचं नाव घेऊन उभी राहिलीस ना? आता काय सांगशील, देवानं फिरवलं?" आणि मग हळू आवाजात, "तुझ्या मामंजीच्या टायमाला अख्ख्या मंडळीनं उपास धरला हुता. ते गेले. तवा लोक काय म्हनले म्हाईत हाय का? ह्या घरातच विश्वास कमी. पुन्यांदा न्हाई ऐकायचं मला."

त्यांच्यावर रागवावं तर त्या गव्हात टिपं गाळत होत्या. शमुवेल आईपुढे कधीच बोलत नाहीत, तेव्हाही बोलले नाहीत.

०००

ऑपरेशन झालं, आणि दुखणं लपवणं सोपं गेलं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. आमच्या भागात पिशवी काढणं इतकं रोजचं झालंय की कुणी का म्हणून विचारत नाही. बायका भेटायला आल्या. एक म्हणाली, "माझीबी काढली, लई हलकं वाटतं बघ." दुसरी म्हणाली, "कटकट गेली." मी हसले, टाके ओढले गेले.

मग त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि माझा अशक्तपणा जावा म्हणून प्रार्थना केली. लीलाबाईनं पिठलं-भाकरीचा डबा ठेवला. त्या गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून रडले. माझी माणसं येऊन गेली होती, आणि ती कुणा दुसऱ्याच बाईला भेटून गेली होती. देवाला काय, तो चुकीच्या पत्त्यावरची प्रार्थनाही दुरुस्त करून घेत असेल. मला तेवढा धीर नव्हता. मला हवं होतं की लीलाबाईनं ते नाव घ्यावं, कॅन्सर म्हणावं, तिचा आवाज कापावा, आणि तरी हात कपाळावरून काढू नये.

दुसरं काहीही मी इतकं मागितलेलं आठवत नाही. बरं होणं हे डॉक्टरांकडे मागायचं असतं, ते मी मागत होतेच.

०००

शेक नगरला. सोमवार ते शुक्रवार दवाखान्याच्या धर्मशाळेत राहायचं, शनिवारी-रविवारी घरी. ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी सांगते: शेक घेताना काही जाणवत नाही. भरपूर पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची, हेच काय ते अवघड. पोटावर पेनानं खुणा केलेल्या असतात, त्या अंघोळीत पुसू द्यायच्या नाहीत. टेबल गार असतं. सगळे बाहेर जातात, जड दार बंद होतं, आणि यंत्र तुमच्याभोवती फिरतं. त्या खोलीत मी मनात गीत म्हणायचे. पण एकटीनं म्हटलेल्या गीताला पुढे ढकलणारं कुणी नसतं, मी दुसऱ्या कडव्यातच अडकायचे. मला चुकायलासुद्धा लीलाबाई हवी होती.

पुढे पुढे जुलाब सुरू झाले, तोंडाची चव गेली, जिना चढवेना. आणि अंगातून सारखी कढत वाफ यायला लागली, अंडाशयं काढल्यामुळे. शमुवेलनी धर्मशाळेत पुठ्ठ्यानं वारा घालून घालून हात दुखवून घेतला. एकदा त्यांना मी म्हटलं, "आत्यांना एवढं सांगा की मला माझी माणसं पायजेत." ते वारा घालत राहिले. मी पुठ्ठा हिसकावून भिरकावला. त्यांनी तो उचलून आणला आणि पुन्हा वारा घालायला लागले. अशा माणसाशी भांडताही येत नाही.

रविवारी मात्र मी चर्चमध्ये जायचेच. मागे, भिंतीला टेकून. पाळकसाहेब आजाऱ्यांची नावं घ्यायचे: कुणाचा गुडघा, कुणाची साखर, कुणाच्या नातवाला ताप. त्या तापाचा मला हेवा वाटायचा. हसू येईल, पण वाटायचा. प्रत्येक नावानंतर मला वाटायचं आता माझं येईल, जणू कुणी आपोआप सांगितलं असेल. आणि मग "आमेन" व्हायचं.

०००

शेवटच्या आठवड्यांत केंद्रावर माणूस मिळेना, म्हणून शमुवेल थांबले आणि आत्या माझ्यासोबत नगरला आल्या. शेकाच्या खोलीबाहेर बाकं असतात. तिथे मिरजगावची एक बाई असायची, तिचा नंबर रोज माझ्यानंतर. डोक्याला रुमाल, हातात बांगड्या भरपूर, आणि सोबत जावा, भाऊ, मामी, ठेचा, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, सगळं गाव. त्यातला एक घास रोज आमच्या हातावर पडायचा.

पहिल्याच दिवशी तिनं आत्यांना विचारलं, "सुनंला कशाचा हाय आत्या?"

आत्या सवयीनं म्हणाल्या, "पिशवी काढलीय. अशक्तपना हाय."

 बाई खळखळून हसली, तिच्या जावाही हसल्या. "आवो, हितं अशक्तपनाला कोन येतंय? हितं समदे त्याचेच. मला स्तनाचा हाय. त्या भाऊला घशाचा. नाव घेतल्यानं वाढत न्हाई तो, आन न घेतल्यानं जात न्हाई."

मी म्हणाले, "पिशवीच्या तोंडाचा. जरा वेगळा आहे, पटकन सापडत नाही असा."

"मंग सापडला हे नशीबच की." एवढं बोलून तिनं आपला हात माझ्या डोक्यावर ठेवला. आमची कशाची ओळख नाही, तिचा देव वेगळा. तिनं डोळे मिटले, ओठ हलवले. मला इतकं हलकं वाटलं की मला आत बोलावलं तरी उठवेना.

आत्या हे सगळं बघत होत्या. त्या दिवशी धर्मशाळेत त्या जेवल्या नाहीत. शनिवारी गाडीत त्यांनी एकदाच तोंड उघडलं. म्हणाल्या, "परक्या बाईनं ठेवला हात." 

०००

रविवारी पाळकसाहेबांनी नावं घेतली आणि नेहमीसारखं विचारलं, "आणखी कुणी?"

आत्या उठल्या. त्यांना गुडघ्यांमुळे उठायला वेळ लागतो, सगळी मंडळी वळून बघेपर्यंत त्या पुरत्या उभ्याही नव्हत्या.

"माझी सून, सुनंदा. तिला कॅन्सर हाय. नगरला शेक चालू हाय." आवाज खणखणीत, दुधाचा हिशेब सांगावा तसा. "आमी लपवलं. म्हंजे मी लपवलं, तिची इच्छा न्हवती. देवाला ठाऊकच हुतं, फक्त तुमाला न्हवतं सांगितलं. आता करा प्रार्थना."

आणि बसल्या.  मला वाटलं, आता कुणीतरी विचारेल, मग ती साक्ष कसली होती? कुणी विचारलं नाही. पाळकसाहेब पुढून उठून माझ्यापाशी चालत आले. "सुनंदाबाई, काय मागू देवाजवळ?"

मी एवढे दिवस ते मनात घोळवलं होतं, आणि ऐन वेळी त्यातलं एकच उरलं. म्हटलं, "माझं नाव घ्या फक्त."

त्यांनी घेतलं. दुखण्याचंही घेतलं. पुढून, बाजूनं बायका उठून आल्या, डोक्यावर, खांद्यावर, पाठीवर हात, जिला जागा मिळाली नाही तिनं माझ्या पदराचं टोक धरलं. मी पोटातून रडले. आत्या समोर बघत बसून होत्या, आणि त्यांच्याही खांद्यावर कुणाचा तरी हात होता.

लीलाबाई मात्र उठली नव्हती.

०००

उपासना सुटल्यावर ती मला बाहेर नळाजवळ भेटली. मला वाटलं रागावली असेल, तिच्यापासून लपवलं म्हणून. मी बोलायला लागले तर तिनं मला थांबवलं.

"तुझंबी पानीच जात हुतं ना गं? वास न्हाई, दुखत न्हाई, तसलंच?"

"हो."

"मलाबी जातंय. लई दिवस झाले." तिनं इकडेतिकडे पाहिलं. "मी दवाखान्यात जानारच हुते. मंग मंडळात तू म्हनलीस, पानी जातं पन काही नसतं, तपासून आलेय. मला वाटलं, मंग माझंबी तसंच असंल."

 मी नळाच्या कठड्यावर बसले. शेकामुळे नव्हे. इतके दिवस मी लीलाबाईचा हात मागत होते, आणि ती माझ्या शब्दावर विसंबून घरात बसून होती.

"अशक्तपना असंल ना गं?" ती म्हणाली. तिला माझ्याकडून हो ऐकायचं होतं. ते एक अक्षर द्यायला माझा जीव किती तुटला, मी सांगू शकत नाही.

"मला माहीत नाही, लीलाबाई. आणि तुलाही माहीत नाही. ते काचेखाली कळतं. खोल तुकडा घ्या म्हणून सांगायचं. मी आहे सोबत."

सोमवारी आम्ही तिघी नगरच्या गाडीत बसलो. आत्या पुढच्या बाकावर, लीलाबाई खिडकीशी, मी तिच्या कडेला. तिचं पुढे काय निघालं ते मी लिहिणार नाही, ते तिचं आहे. माझी तपासणी अजून चालू आहे. गेल्या वेळी स्वच्छ आली, पुढच्या वेळचं पुढच्या वेळी.

त्या सोमवारी गाडीनं संगमनेर सोडलं. लीलाबाई बाहेरचा ऊस बघत होती. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "दुखतं का गं, तुकडा काढल्यावर?"

"दुखतं," मी म्हणाले. आणि तिचा हात हातात घेतला.